आडातले शब्द

दादा मशीनवाल्यांकडे कामाला गेला, म्हणून टिटवीला विहिरीच्या तोंडावर बसावं लागलं. एरवी तिचं काम घरचं. झाडलोट, शेळ्या, शाळा, आणि उरलेल्या वेळात बडबड. त्या बडबडीनेच तिला टिटवी हे नाव मिळालं होतं. शाळेत दुसरं नाव होतं, पण हजेरी सोडली तर ते कुणी घेत नसे.

बाबा जुन्या विहिरी उपसायचे. ऊन तापलं, पाणी तळाला गेलं की लोकांना बुजलेल्या विहिरी आठवत, आणि विहिरी आठवल्या की बाबा आठवत. बाबा खाली उतरून गाळ खणत आणि टोपलं भरत. आई वर रहाट फिरवून टोपलं ओढी. दादा काठावर बसून ते रिकामं करी आणि बाबांवर लक्ष ठेवी. यंदा ऊन तापलं तरी कुणी बोलवायला आलं नाही. गावोगाव जमिनीला भोक पाडणारं मशीन फिरत होतं.

"आपलं संपलं आता, बाबा," दादा म्हणाला. "आणि संपलं ते बरंच झालं. रोज खाली जायचं, आणि वर येऊ की नाही ते दोरावर सोडायचं. मला नाही जमायचं."

"मग जा, मशीनचा धूर खा," बाबा म्हणाले.

बाबांना वाटलं, पोरगं दोन दिवस फुगून बसेल. पोरगं कपडे घेऊन गेलं. बोललेला शब्द आणि सुटलेला दोर, दोन्ही परत हाताशी येत नाहीत.

आणि नेमकं तेव्हाच बागवाल्याचं बोलावणं आलं. त्याच्या फळबागेच्या टोकाला एक विहीर होती, कित्येक वर्षं पालापाचोळा खाऊन अर्धी बुजलेली. बागवाला काठावर उभा राहून खाली थुंकला आणि म्हणाला, "रविवारपर्यंत झरा लागला तर विहिरीचं काम तुमचं. नाहीतर सोमवारी मशीन लावतो. माझी झाडं तुमच्या पहारीसाठी थांबणार नाहीत."

बाबांनी मान डोलावली. या विहिरीवर मशीन उभं राहिलं तर पंचक्रोशीत पुन्हा कुणी त्यांना हाक मारणार नव्हतं. घरातल्या तिघांनाही ते कळत होतं.

काठावर बसणाऱ्याचं काम दिसायला सोपं होतं. बाबांच्या कमरेला दोर असे. त्याचं दुसरं टोक काठाजवळच्या झाडाच्या बुंध्याला बांधलेलं. प्रत्येक टोपलं वर आलं की काठावरच्याने खाली वाकून विचारायचं, "आहे का?" खालून उत्तर यायचं, "आहे!" बस. उत्तर आलं नाही तर दुसऱ्यांदा विचारायचं नाही. का, कसं, काही नाही. कमरेचा दोर रहाटाच्या आकड्यात अडकवायचा आणि ओढायचं.

हा नियम धाकट्या काकामुळे झाला होता. जुन्या विहिरींच्या तळाशी कोंडलेली हवा असते. तिला रंग नाही, आवाज नाही. ती माणसाला झोपवते आणि उठू देत नाही. काका गप्प झाला तेव्हा वरच्यांनी आधी हाका मारल्या, मग थट्टा करतोय म्हणून शिव्या दिल्या, मग पुन्हा हाका मारल्या. शेवटी एकजण बघायला उतरला. तोही वर आला नाही. काकाचा फोटो घरात भिंतीवर होता. आई तो रोज पुसायची आणि त्याच्याकडे बघायची नाही.

"बोलायची हौस आहे ना तुला?" बाबा टिटवीला म्हणाले होते. "मग याच्यापेक्षा चांगलं काम कुठलं?"

टिटवी हसली होती, पण त्या रात्री तिला जेवण गेलं नाही.

त्यातच शाळेत तो धडा आला. इंग्रजीच्या बाईंनी शुक्रवारी शिकवला. एक म्हातारी आपल्या खेचरावर मिठाची पोती लादून गोठलेल्या तळ्यावरून पलीकडे निघते. मध्येच खेचर थांबतं. ओढलं तरी हलत नाही, मारलं तरी हलत नाही. म्हातारी चिडून एकटीच पुढे पाऊल टाकते आणि बर्फ तडकतो. मग ती खेचराच्या गळ्याला मिठी मारून रडते. गोष्ट टिटवीला आवडली. शब्द मात्र दातांत खडे यावेत तसे होते. ट्रेचरस. पर्सिस्ट. ग्रोप. शिव्हर. आणि सगळ्यांत अवघड, रिलक्टंट.

बाई मारत नसत. बाई थांबत. शब्द विचारायच्या, हाताची घडी घालायच्या आणि म्हणायच्या, "आठव. मला घाई नाही." मग सगळा वर्ग मागे वळून बघायचा. पंखा फिरायचा. बाहेर कुणाची तरी सायकल वाजायची. त्यापेक्षा दोन छड्या परवडल्या, असं टिटवीचं स्पष्ट मत होतं.

शुक्रवारी तिला रिलक्टंट आला नाही. बाई बराच वेळ थांबल्या आणि शेवटी म्हणाल्या, "आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?"

म्हण साधीच, पण वर्गाला तिच्या बापाचा धंदा ठाऊक होता. पोरं पोट धरून हसली. बाईंना आधी कळलंच नाही का हसतात ते, आणि कळल्यावर त्यांचाच चेहरा उतरला. "सोमवारी पुन्हा विचारेन," त्या घाईघाईने म्हणाल्या. "सगळ्यांना."

शनिवारी सकाळी बाबांनी आधी कंदील दोराला बांधून खाली सोडला. तळाशी हवा वाईट असली की ज्योत विझते. तिघंही वाकून बघत राहिले. ज्योत जळत राहिली. बाबांनी कमरेचा दोर आवळला, भिंतीतल्या खाचांत पाय रोवत उतरले, आणि उतरता उतरता त्यांचं डोकं एवढंएवढंसं होत गेलं. 

"आहे का?"

"आहे!"

काळा, चिकट गाळ वर येऊ लागला. कुजक्या पानांचा वास नाकात बसला. आई रहाटाच्या दांड्यावर पोट टेकवून सगळं अंग लावायची. टोपलं काठाशी आलं की टिटवी ते आपल्याकडे ओढायची, ओतायची, पुन्हा सोडायची, वाकायची. मधल्या वेळात ती शब्द घोकत होती. भीती वाटली की तिला बोलावंच लागे, आणि दुसरं काही सुचत नव्हतं.

"काय पुटपुटतेस गं वर?" खालून बाबांचा आवाज आला. विहिरीत तो मोठा आणि पोकळ वाटायचा.

"धडा, बाबा. सोमवारी विचारणार आहेत."

"मग माझ्याकडे टाक की. दिवसभर आहे-आहे म्हणून जीभ वाळली माझी. तू शब्द सोड, मी अर्थ पाठवतो. पोपटपंची तरी बदलेल."

"काही नको," आई रहाटावरूनच म्हणाली. "आहे म्हणायचं ते आहेच म्हणा."

"अगं, उत्तर आलं म्हणजे झालं ना? आहे म्हटलं काय आणि दुसरं काही म्हटलं काय. मेलेला माणूस इंग्रजी बोलतो होय?"

"शुभ बोला जरा."

"आणि पोरीला वर्गात हसतात, ते चालतं तुला?"

आईने पुन्हा दांडा धरला. तिच्या हातांना फोड आले होते, आणि त्या घटकेला वाद घालण्यापेक्षा दांडा फिरवणं सोपं होतं. टिटवीला मात्र एकदम हलकं वाटलं. तिने बाबांना सगळी गोष्ट सांगितली, टोपल्यामागून टोपलं. खेचर थांबलं तिथे बाबांनी पहार थांबवली.

"शहाणं होतं बरं का ते जनावर," ते म्हणाले. "पायाला कळतं. आता विचार."

"ट्रेचरस!"

"दगाबाज!"

"ग्रोप!"

"चाचपडणे! मी इथे काय करतोय दुसरं?"

"रिलक्टंट!"

खाली शांतता.  टिटवी वाकली. गाळात उभे बाबा डोकं खाजवत होते.

"नाही बुवा आठवत."

"मनात नसताना करणारा. नाखूश. खेचर, बाबा!"

"हां हां. आपल्या दादासारखा. पाय रोवून बसणारा."

असा दिवसभर खेळ चालला. बाबांना सगळे शब्द आले, रिलक्टंट तेवढा दर वेळी अडायचा. टिटवीला तर गंमतच वाटू लागली. ती काठावर हाताची घडी घालून बाईंच्या आवाजात म्हणायची, "आठव. मला घाई नाही." खालून हसू यायचं. मग "दादा, दादा!" असं ओरडून बाबा अर्थ सांगायचे. आईसुद्धा एकदा तोंडाला पदर लावून हसली.

संध्याकाळी बागवाला आला. "काय हो, विहिरीत शाळा भरवलीय का?" तो म्हणाला. "मास्तरीण वर आणि विद्यार्थी खाली. झरा इंग्रजीत बोलवला तर येतो काय?" त्याने दिवसभराच्या गाळाच्या ढिगाकडे बघून नाक मुरडलं. "उद्याचा दिवस. मग मला बोल लावू नका."

रविवारी सकाळी पुन्हा कंदील सोडला. ज्योत जळली. दुपारपर्यंत बाबा गाळाच्या शेवटच्या थरापर्यंत गेले. तिथे सगळी जुनी पानं कुजून काळी चटई झाली होती आणि तिच्याखाली एक मोठी फरशी होती. "हिच्याखाली आहे," जेवायला वर आल्यावर बाबा म्हणाले. त्यांचे डोळे लाल झाले होते. "ओल लागतेय हाताला. फरशी उचकटली की झालं."

"डोकं दुखतंय का तुमचं?" आईने विचारलं. बाबा सारखं कपाळ चोळत होते.

"उन्हाने."

"खाली कुठलं ऊन?"

तेवढ्यात बागवाला गड्याला घेऊन येताना दिसला. बाबांनी हातातला घास तसाच ठेवला आणि उठून दोर बांधू लागले. जेवण करून पुन्हा उतरताना पुन्हा कंदील सोडायचा, हाही नियमच होता. आईने कंदिलाकडे हात केला. बाबांनी बागवाल्याकडे बघितलं आणि मान हलवली. एवढी एक फरशी. बागवाल्याला ते खाली उतरलेले दिसायला हवे होते, कंदील हलवत बसलेले नव्हे.

टिटवी काठावर बसली. बागवाला थोडा वेळ काठाशी रेंगाळला आणि मग गड्याबरोबर झाडांच्या रांगेत गेला. खालून पहारीचे घाव येत होते. ठण्ण. ठण्ण. मग ओला, जड आवाज, फरशी हलल्यासारखा. बुडबुडे फुटावेत तसं काहीतरी. वास एकदम वाढला आणि मग वाराच फिरला म्हणून की काय, कमी झाला.

"पर्सिस्ट!"

"चिकाटी... धरणे."

टोपलं वर आलं. अर्धंच भरलेलं. टिटवीने ओतलं, सोडलं.

"शिव्हर!"

"थरथरणे." आवाज दमलेला वाटला. फरशी जड असेल, ती मनाशी म्हणाली.

टोपलं वर आलं. त्यात मूठभर गाळ होता. टिटवीने ते ओतलं आणि वाकली. ऊन आता तिरपं झालं होतं. विहिरीच्या तळावर सावली आली होती आणि बाबांची नुसती पाठ दिसत होती, भिंतीला टेकलेली.

"रिलक्टंट!"

उत्तर आलं नाही.

टिटवी हसली. हे पुढे तिला रोज आठवणार होतं, की ती हसली. तिने हाताची घडी घातली.

"आठव. मला घाई नाही."

एक पक्षी विहिरीच्या तोंडावरून उडत गेला. रहाटाचा दांडा धरून आई उभी होती, पाठीचा घाम वाळवत.

"खेचर, बाबा! पाय रोवणारं!"

काही नाही.

"काय म्हणाले?" आईने विचारलं.

"आठवतायत," टिटवी म्हणाली.

आईने दांडा सोडला. ती धावत काठावर आली, गुडघ्यांवर पडली आणि तिने खाली तोंड घालून एकच हाक मारली. "आहे का?"

एकदाच. विहिरीने तिचा आवाज तिला परत दिला. बाबा हळूच भिंतीवरून घसरले आणि बसले. मग एका बाजूला कलले, झोपेत माणूस कूस बदलतो तसे.

"दोर!" आई ओरडली.

 बुंध्यावरच्या दोराचा फास टिटवीच्या बोटांना सापडेना. आईनेच तो ओरबाडून काढला, रहाटावरून घेतला, आकड्यात अडकवला. दोघी दांड्याला लटकल्या. दोर ताठ झाला, करकरला आणि तिथेच थांबला. भरलेलं टोपलं ओढायची सवय होती. बाबा ओढायची नव्हती.

"जोर लाव! मर गं, पण जोर लाव!"

रहाट एक फेरा फिरला. मग अजून अर्धा. आईच्या तळव्यांतले फोड फुटून दांडा ओला झाला आणि हात सटकू लागले. दांडा उलटा फिरला तर बाबा परत खाली जाणार होते. टिटवीने दांड्याखाली खांदा घातला. हाड मोडतंय असं वाटलं. तिला किंचाळायचं होतं, पण तोंडातून आवाज फुटेना. जन्मात पहिल्यांदा तिच्याजवळ एकही शब्द नव्हता.

आईची आरोळी ऐकून बागवाला आणि गडी पळत आले. गड्याने विहिरीत बघितलं आणि चपला काढल्या. "मी उतरतो."

"कुणी उतरायचं नाही!" आई असं ओरडली की गडी जागीच थिजला. "खाली हवा नाही! इकडे या, इकडे ओढा!"

बागवाल्याने पांढऱ्या कपड्यांनिशी चिखलात पाय रोवले आणि दांडा धरला. चौघं ओढत होते. नुसते श्वास आणि करकर. बाबांचं डोकं वर आलं तेव्हा ते छातीवर लोंबत होतं. गड्याने काखेत हात घालून त्यांना काठावर ओढलं. चेहरा राखेसारखा होता. ओठ निळे. नाकातोंडात गाळ.

आईने त्यांना कुशीवर वळवलं, बोटं घालून तोंड साफ केलं आणि पाठीत गुद्दे घातले. मग उताणं करून छाती दाबू लागली. तिला हे कुणी शिकवलं होतं कोण जाणे. ती मोजत नव्हती, देवाचं नावही घेत नव्हती. ती दर वेळी एकच म्हणत होती. "आहे. आहे. आहे." जणू बाबांचं उत्तर तीच देत होती.

टिटवी बाजूला उभी होती. आपण किती वेळ थांबलो? एक पक्षी उडून जाण्याएवढा? की जास्त? तिने देवाला सांगितलं, मला एकही शब्द नको, शाळा नको, मी जन्मभर रहाट ओढीन.

बाबांच्या घशातून घरघर आली. मग खोकला. मग ते काळं पाणी ओकले आणि लहान मुलासारखे रडू लागले. बागवाला चिखलातच बसला.  "पाणी आणा," तो गड्याला म्हणाला आणि मग त्याला दिसलं, विहिरीच्या तळाशी उचकटलेल्या फरशीच्या कडेने पाणी चमकत होतं. त्याने मान वळवली. त्या वेळी पाण्याकडे बोट दाखवायची लाज त्याला वाटली, एवढं त्याच्या पदरात टाकायला हवं.

डॉक्टरांनी बाबांना तपासलं, प्राणवायूची नळी लावली आणि अजून थोडा वेळ गेला असता तर काही खरं नव्हतं असं सांगितलं. हे त्यांनी टिटवीसमोर सांगितलं. त्यांना काय माहीत?

दादा निरोप मिळताच आला. बाबांचे पाय मांडीवर घेऊन बसला. 

"मला माफ करा," टिटवी बाबांच्या उशाशी म्हणाली.

"नियम मी मोडला," बाबा पुटपुटले. त्यांचा आवाज चाळणीतून यावा तसा येत होता. "कंदील मी सोडला नाही. तू कशाला?"

 आईने टिटवीच्या सुजलेल्या खांद्याला तेल लावलं, नेहमीपेक्षा जरा जास्त जोरात.

सोमवारी तिने शाळेत जाऊ नये असं दादा म्हणाला. बाबांनी नुसता हात हलवून जा म्हटलं. ती गेली. बाईंनी पहिलाच शब्द तिला विचारला आणि टिटवीने श्वास न घेता सांगितलं, "मनात नसताना करणारा, नाखूश." बाई खूश झाल्या. "बघा! आडात होतंच की," त्या म्हणाल्या. शुक्रवारची चूक त्यांना भरून काढायची होती. टिटवी खाली बसली. 

मग बाईंनी तिच्या शेजारणीला उठवलं. ती अबोल, बुजरी पोर. घरी तरी बोलत असेल की नाही, देव जाणे.

"ट्रेचरस."

शेजारीण उभी राहिली आणि बाकाकडे बघू लागली.

बाईंनी हाताची घडी घातली. "आठव. मला घाई नाही."

पंखा फिरत होता. वर्ग मागे वळून बघत होता. शेजारीण गप्प. तिचे ओठ कोरडे, डोळे खाली. टिटवीला पंख्याचा आवाज ऐकू येईना. तिला वास आला, कुजक्या पानांचा. ती ताडकन उठली, तिने शेजारणीच्या फ्रॉकचा पट्टा दोन्ही हातांनी धरला आणि सगळा जीव एकवटून ओढलं. दोघी बाकावरून कोसळल्या. "ओढा! ओढा ना!" टिटवी किंचाळत होती. "थांबू नका!"

बाईंनी तिला कवेत घेतलं तेव्हाही तिने पट्टा सोडला नव्हता. बोटं एकेक करून उघडावी लागली. बाई काहीतरी विचारत होत्या. तिने त्यांचा हात झटकला आणि ती घराकडे पळत सुटली.

बाबा दारात खाटेवर बसले होते, भिंतीला पाठ टेकून, डोळे मिटून. तसेच. अगदी तसेच. टिटवी फाटकाशीच थबकली. पुढे जायचा धीर होईना.

"आहे का?" तिने विचारलं. आवाज फुटलाच नाही धड.

बाबा हलले नाहीत. ओठ किंचित उघडले आणि तसेच राहिले.

ती धावली. तिने त्यांचा सदरा धरला, कंबर धरली, ती त्यांना खाटेवरून ओढू लागली. दुखऱ्या खांद्यातून कळ गेली तरी ओढत राहिली. आई घरातून धावत आली.

"अगं, अगं, आहे!" बाबा दचकून डोळे उघडत म्हणाले. "आहे मी! तुझा तो शब्द आठवत होतो गं. विचारशील म्हणून. आत्ता अगदी जिभेवर आला होता बघ..."

टिटवीने त्यांच्या तोंडावर हात दाबला.

"नका आठवू, बाबा," ती म्हणाली. "नुसतं आहे म्हणा."